परक्याचा दोर

फार वर्षांमागे खाडीकाठच्या एका गावात पेद्रू नावाचा दोर वळणारा राहत होता. काथ्याचा दोर त्यानेच वळावा, असं गाव म्हणायचं. पण माणूस भारी संशयी. नाताळात शेजारणीने करंज्या पाठवल्या, तरी हा आधी एक मोडून बघायचा आणि मग हिला आपल्याकडून काय हवंय, या विचारात पडायचा. फुकट कोणी काही देत नाही, असं त्याचं ठाम मत. रविवारी तो चर्चला जायचा, पण देवाच्या कृपेचीही त्याला शंकाच यायची.

एकदा त्याची कळशी विहिरीत पडली. शेजाऱ्याने ती काढायला गळ देऊ केला. उद्या हा उपकार वसूल करील, या भीतीने पेद्रूने तो नाकारला. स्वतः वळलेला दोर रहाटाच्या खांबाला बांधून तो आत उतरू लागला. काठाच्या धारदार दगडावर दोर घासला आणि तुटला. पेद्रूला पोहता येत नव्हतं. भिंतीतला एक दगड कसाबसा धरून तो ओरडू लागला.

चर्चचा म्हातारा माळी धावत आला. त्याने वरून दोर सोडला. पेद्रूची बोटं सुटत चालली होती, तरी त्याने आधी दोर निरखला. वळण आपलं नव्हतं.

"याचं काय घेणार, बाबा?"

"काही नाही. कमरेला बांध."

काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं मागणार, असं पेद्रूला वाटलं. तो दोर नुसता धरून चढू लागला. निदान आपल्या बळावर वर आलो, असं तरी म्हणता येईल. शेवाळावरून पाय सरकला आणि तो खाली पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. नाकातोंडात पाणी जाऊ लागलं.

"चढू नकोस, लेकरा," म्हातारा म्हणाला. "तू फक्त बांध. ओढायचं काम माझं."

पेद्रूने कमरेला गाठ मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला दुसऱ्याच्या हवाली केलं.

वर येताच त्याला वाटलं, आता हा हात पुढे करणार. म्हाताऱ्याने हात पुढे केला, तो त्याला उठवायला. म्हाताऱ्याचे तळहात सोलून रक्ताळले होते. दोराचं दुसरं टोक त्याने स्वतःच्याच कमरेला बांधलं होतं. पेद्रू बुडाला असता, तर तोही बुडाला असता.

पेद्रूला रडू कोसळलं. त्या रविवारी चर्चमध्ये क्रुसावरच्या ख्रिस्ताचे खिळे ठोकलेले हात त्याने प्रथमच नीट पाहिले.

तात्पर्य एवढंच, की देवाची कृपा स्वतःच्या बळावर कमवता येत नाही. ती आपल्याला फुकट मिळते, कारण तिची किंमत ख्रिस्ताने आधीच भरलेली असते.