डावीकडचा ढीग

“...आणि त्या दिवशी तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणून पुढे गेला असतात, तर?”

उत्तराने विचारलं. खटावकर मास्तर लसूण सोलत होते. त्यांनी एक पाकळी सोलली, फुंकर मारून साल उडवलं आणि दुसरी घेतली.

ओतूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, कांदा साठवायच्या एका चाळीला लागून मास्तरांची खोली होती. कला महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर ते इथे आले ते आलेच. भेटायला येणारे हळूहळू कमी झाले. त्याचं त्यांना बरंच वाटत असावं.

उत्तरा साबडे त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता मुंबईतल्या एका मोठ्या गॅलरीची संचालक. कोणाचं चित्र भिंतीवर लागायचं आणि कोणाचं नाही, हे ती ठरवायची. तिच्या एका होकारासाठी चित्रकार वर्षानुवर्षं ताटकळत. तिच्या नकारानंतर काहींनी चित्रं काढणंच सोडलं, असंही लोक म्हणत.

‘तो दिवस’ शेवटच्या वर्षातला. मास्तर वर्गात फिरत होते. तिच्या चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, “हात साधारण आहे तुझा. डोळा चांगला आहे. दुसऱ्यांची चित्रं बघत जा.”

एवढंच. त्या संध्याकाळी तिने आपले ब्रश मैत्रिणीला देऊन टाकले.

मग ती खरोखरच दुसऱ्यांची चित्रं बघत गेली. सुरुवातीला गॅलरीत आल्यागेल्याला चहापाणी विचारायची. मग प्रदर्शनांची टिपणं लिहू लागली, मग प्रदर्शनं मांडू लागली, परदेशातून बोलावणी आली आणि शेवटी संचालकाची खुर्ची. लोकांना हेवा वाटायचा. वाटणारच, त्यांना कुठे त्या खुर्चीत बसायचं होतं.

आता गॅलरीच्या विश्वस्तांनी तिला त्या पदावर आणखी पाच वर्षं थांबायला सांगितलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

आणि ती दमली होती. उद्घाटनांना हसून हसून दमली होती. प्रत्येक प्रदर्शन उतरलं की भिंतीतली भोकं पुट्टी भरून बुजवायची, पांढरा रंग मारायचा, की पुन्हा नवे खिळे... इतक्या वर्षांत त्या भिंतीत आपला म्हणून एकही खिळा नाही, हे हल्ली तिला अंथरुणावर पडलं की आठवायचं.

“तुम्ही म्हणालात ते खरं असेल तर थांबते,” ती म्हणाली. “चुकीचं असेल तर सगळं सोडते आणि घरी बसून चित्रं काढते. अजून हात चालतो माझा. फक्त एकदा सांगा, मास्तर.”

...

मास्तर लसणाचं ताट घेऊन उठले आणि तिला शेजारच्या चाळीत घेऊन गेले.

तिथे भिंतीला टेकून चित्रांची चळत उभी होती. पाठ बाहेर, तोंड आत. वर्षानुवर्षं मुलं जी चित्रं वर्गात टाकून गेली, ती मास्तरांनी कधी फेकू दिली नव्हती. आता शेतात कांदा निघाला होता आणि मालकाला चाळ हवी होती. मास्तरांच्या खोलीत दोन-चार चित्रंच मावणार होती.

“आलीच आहेस तर तेवढं करून जा,” ते म्हणाले. “ठेवायची ती उजवीकडे. बाकीची डावीकडे. मालक नेईल गोठ्याच्या फटी बुजवायला.”

उत्तराला राग आला. एवढ्या लांब ती काय मास्तरांची आवराआवर करायला आली होती? पण चित्रं समोर असली की तिला राहवत नसे. तिने चष्मा लावला, पदर खोचला आणि पहिलं चित्र उलटं केलं.

मग मात्र थकवा कुठल्या कुठे गेला. एक नजर, की डावीकडे. एक नजर, की डावीकडे. सवयीने ती कारणंही सांगत होती. हे कोणाची तरी नक्कल, यात नुसती चलाखी, याला काय म्हणायचंय तेच कळत नाही. मास्तर उंबऱ्यावर बसून सोलत होते आणि ऐकत होते.

एका चित्रात वाहता नळ होता आणि त्याखाली भरून सांडणारी बादली.

“हात घाबरलेला,” ती म्हणाली. “रंगाला जोर नाही.” डावीकडे.

मास्तरांची बोटं क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

ताटातला लसूण संपायच्या आत चळत संपली. उजवीकडे तीन चित्रं होती. तिने हात झटकले. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटत होतं. निदान डोळा तरी अजून शाबूत होता.

“आता तरी सांगा,” ती म्हणाली.

मास्तरांनी ताट खाली ठेवलं. ते डावीकडच्या ढिगापाशी गेले आणि वाकून त्यातून नळाचं चित्र काढलं. सदऱ्याच्या बाहीने त्यावरची धूळ पुसली. चाळीच्या फटींतून ऊन येत होतं, तिथे ते तिच्यासमोर धरलं.

उत्तरा बघू लागली. बादलीच्या कडीला एक लाल चिंधी बांधलेली होती.

मुलींच्या वसतिगृहात सगळ्या बादल्या सारख्या. आपली ओळखू यावी म्हणून तिने जुन्या परकराची चिंधी फाडून कडीला बांधली होती. ती गाठसुद्धा चित्रात होती. त्या दिवशी मास्तर थांबले होते ते याच चित्रापाशी.

...

ती तिथेच मातीत बसली. तिला रडू आलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटकेचीच लाज वाटली. बाहेर कोणीतरी बैलांना हाकत गेलं.

“म्हणजे तुमचं खरं होतं,” ती म्हणाली. “मीसुद्धा ते डावीकडेच टाकलं.”

मास्तरांनी ते चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. मग ते हळूच तिच्याशेजारी खाली बसले.

“मीही तेव्हा एवढाच वेळ बघितलं होतं,” ते म्हणाले.