साता समुद्रापार गेलेलं मुंगसाचं नाव

एका गावात एका कुंभाराचं नि कुंभारणीचं भांडण असं पेटलं होतं, की त्यापुढे आव्याची धगही गार वाटावी.

"अगं, आपला शब्द साता समुद्रापार गेला! साहेबाच्या मुलखात चिल्लीपिल्लीसुद्धा त्या जातीच्या जनावराला मुंगूसच म्हणतात. आणि तू तोंड पाडून बसतेस?"

"मग काय नाचू? शिंगरू गेलं तेव्हाच रडून झालं माझं. आता नुसती जळतेय."

भांडणाचं मूळ असं. भांडी भाजायला लागायचं म्हणून कुंभाराच्या अंगणात गवताची गंजी असे. गवत म्हटलं की साप आलाच. पण त्या गंजीत एक माणसाळलेलं मुंगूस राहायचं. कुंभारीण रोज सकाळी हाक मारायची, "मुंगसा, तोंड दाखव रे!" त्यानं नाक बाहेर काढलं, की मगच ती गवतात हात घालायची. त्या घरची रीतच होती ती.

एकदा एक गोरा साहेब दुभाष्याला घेऊन त्या वाटेनं आला. त्याच्या डोळ्यांदेखत मुंगसानं साप लोळवला. साहेबानं असलं जनावर कधी पाहिलं नव्हतं. त्यानं नाव विचारलं, घोकलं, आणि मुंगूसच मागितलं.

"देऊ नका हो," कुंभारीण म्हणाली. "मी कुणाच्या भरवशावर हात घालू?"

कुंभार मिशीत हसला. मोल घेतलं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण ह्याला हवा होता मान! तो म्हणाला, "मोल नको, साहेब. तुमच्याकडे त्याला आमच्याच नावानं बोलवा, म्हणजे झालं." आणि त्यानं आपल्या हातानं मुंगूस पिंजऱ्यात घातलं.

साहेब वचनाला जागला. चांगलं झालं ते एवढंच.

उन्हाळ्यात गंजीत साप शिरला आणि गाढवीचं शिंगरू गेलं. तेव्हापासून कुंभारीण काठीनं गवत ओढू लागली. पुढे एके दिवशी साहेबाबरोबर गेलेला दुभाष्या परतला, नावाची बातमी घेऊन. कुंभारानं गावभर गूळ वाटला.

"आणि मुंगूस?" कुंभारणीनं विचारलं.

दुभाष्यानं मान खाली घातली. गलबतावरच्या गारठ्यात ते कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं. साहेबानं नाव घेऊन कितीतरी हाका मारल्या, पण त्यानं काही तोंड दाखवलं नाही.

तिथून हे भांडण जुंपलं, ते दुभाष्या निघून गेला तरी चाललंच होतं.

"जनावर ते, कधीतरी जायचंच," कुंभार म्हणाला. पण आता त्याचा आवाज उतरला होता. "नाव तर राहिलं ना?"

कुंभारीण गंजीपाशी गेली. जुन्या सवयीनं तिनं हाक मारली. गवत हललं नाही. मग नवऱ्याकडे वळून ती जे बोलली, तेच ह्या गोष्टीचं तात्पर्य:

"नाव राहिलं खरं, धनी, पण हाक मारली तर ओ कोण देणार?"