कुंकू लावलेली चिठ्ठी

एका पेठेत एक कासारीण राहत होती. गोजराबाई तिचं नाव. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून फिरतीचा धंदा तिनेच अंगावर घेतला होता. तट्टावर बांगड्यांच्या पेट्या लादायच्या, गावोगावच्या जत्रा गाठायच्या आणि पौर्णिमेला घरी यायचं, असा तिचा क्रम. तट्टू होतं म्हणून घर चालत होतं.

त्या पेठेत हिराजीशेट नावाचा सावकार होता. मोठा गोड माणूस. इतकी गोडी सावकारात असली की शहाण्याने दोन पावलं मागे सरावं, पण पेठेत तेवढे शहाणे नव्हते. शेटने घरोघर एकेक पितळी बिल्ला वाटला. तो बिल्ला कुठल्याही दुकानात दाखवायचा आणि हवा तो माल उचलायचा. दुकानदाराला पैसे शेट देणार. पौर्णिमेला सगळे पैसे शेटला परत केले तर व्याज नाही. नाही जमलं तर दहा रुपये भरायचे आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा एक रुपया व्याज द्यायचं.

लोक म्हणाले, "शेट देवमाणूस!" गोजराबाईनेही बिल्ला घेतला. नव्या पेट्या आणि काचेच्या बांगड्यांचा माल घेता घेता तिच्या नावावर दोनशे रुपये चढले. एकदम फेडायला जमेना, म्हणून ती दर पौर्णिमेला दहा रुपये भरू लागली.

दसऱ्याच्या दिवशी शेटचा माणूस घरोघर एक चिठ्ठी देऊन गेला. चिठ्ठीवर लाखेचा शिक्का होता आणि चारही कोपऱ्यांना कुंकू लावलेलं होतं. आता आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. कोपरा फाटलेलं पत्र आलं की घरात रडारड सुरू होते आणि कुंकवाचं आलं की ते आधी देवापुढे जातं. गोजराबाईने चिठ्ठी कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवली आणि वर दोन फुलं वाहिली. तिला वाचता येत होतं, म्हणजे ती सबब नाही. खरी गोष्ट अशी की शेटच्या मुलीचं लग्न ठरल्याचं तिच्या कानावर होतं. उघडावी तर आमंत्रण निघायचं, आणि आमंत्रण वाचलं की आहेर आला! न वाचलेल्या आमंत्रणाला आहेर लागत नाही, असा तिचा हिशेब.

दिवाळीला तिने बिल्ल्यावर एक लुगडं आणि तट्टासाठी नवं खोगीर घेतलं. दर पौर्णिमेला जत्रेहून परतताना, दिवेलागणीच्या आत, ती शेटच्या मुनिमाकडे दहा रुपये देत राहिली. मुनीम मान हलवून पैसे घेई. तोंडातून एक शब्द काढत नसे.

फाल्गुनाची पौर्णिमा आली. पुढे लग्नसराई होती. त्याआधी डोक्यावरचं ओझं उतरवावं म्हणून गोजराबाईने पै पै साठवली होती. जुना माल, लुगडं, खोगीर, व्याज असं सगळं धरून तिने घरीच आकडा काढला. दोनशे वीस रुपये. तेवढे मोजून तिने पदराला बांधले आणि सकाळीच शेटच्या पेढीवर गेली.

"शेट, सगळं घ्या आन् मोकळं करा मला," ती म्हणाली.

शेटने वही उघडली. "तीनशे चाळीस."

गोजराबाई हसली. शेट थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग शेट हसत नाही हे तिच्या ध्यानात आलं. ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"अवो, तीनशे चाळीस कशे? मी दर म्हैन्याला भरतीया की!"

"व्याज दसऱ्यापासून शेकडा चार झालं, गोजराबाई. पैसे आता मध्यान्हाच्या आत भरायचे. तुम्ही संध्याकाळी आणता. उशिराला बारा रुपये दंड. पाच पौर्णिमांचे साठ. शिवाय बिल्ला उजळण्याचा खर्च, वहीत नाव ठेवण्याचा खर्च."

"म्हंजी मी दहा भरत हुते आन् तुमी बारा दंड लावत हुता?"

"चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं. पाडव्यापर्यंत पैसे आले नाहीत तर तट्टू इथे आणून बांधा," शेट म्हणाला. आवाजातला गोडवा तसूभरही कमी झाला नव्हता.

गोजराबाई धावत घरी आली. देव्हाऱ्यातून चिठ्ठी ओढून तिने शिक्का फोडला. लग्नाचं त्यात अक्षर नव्हतं. शेकडा चार होतं, मध्यान्ह होतं, बारा रुपये दंड होता. पाच महिने ती त्या कागदापुढे उदबत्ती लावत होती! ती तशीच शेजारच्या तेल्याकडे गेली.

"दादा, शेटची चिठ्ठी वाचली का?"

"कुकवाचं पत्र फोडतंय का कुनी? देवाजवळ हाय."

शिंप्याची चिठ्ठी देवाजवळ होती. कुंभाराची देवाजवळ होती. हलवायाने तर ती चौकटीत बसवून घेतली होती. घटकाभरात सगळ्या आळीत शिक्के फुटण्याचे आवाज येऊ लागले, आणि प्रत्येक आवाजामागून एक किंकाळी. हिशेब मांडला तर कुणाचे ऐंशीचे दीडशे झाले होते, कुणाचे शंभराचे दोनशे. हलवाई तर कढईसमोर नुसता बसून राहिला. जिलबी करपली तरी त्याला वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी पेठेत राजाचा सुभेदार न्यायाला बसला. सगळी आळी लोटली, पण पुढे होऊन बोलायला कुणाची जीभ उचलेना. प्रत्येकाला वाटे, आपण बोललो तर शेट आपला बिल्ला काढून घेईल. शेवटी गोजराबाई उठली. तिचं तट्टू जाणार होतं, तिला गप्प बसणं परवडणारं नव्हतं.

"सरकार, आमच्या धंद्याची एक रीत हाय," ती म्हणाली. "बांगडी चढवताना फुटली तर कासाराची. मनगटात गेली की घालनारीची. आन् एकदा मनगटात गेलेल्या बांगडीचा भाव वाढलाय म्हनून कासार म्हैन्याभरानं पैसं मागाय येत न्हाई. माझं दोनशे रुपय शेकडा एकच्या बोलीवर दसऱ्याआधीचं हायती. त्यावर चार कशे?"

सभेत कुजबुज झाली. सुभेदाराने गोजराबाईने आणलेली चिठ्ठी आणि शेटची वही मागून घेतली, दोन्ही वाचली आणि शेटकडे पाहिलं.

"मी चिठ्ठी दिली होती, सरकार," शेट म्हणाला.

"चिठ्ठीने पुढचा भाव बदलतो, शेट. झालेला सौदा बदलत नाही," सुभेदार म्हणाला. "जुन्या रकमेवर शेकडा एकच. आणि बिल्ला उजळण्याचा, नाव ठेवण्याचा खर्च तर या चिठ्ठीत कुठेच नाही. तो वहीतून खोडा. या पेठेतल्या प्रत्येकाच्या नावावरचा खोडा."

लोकांनी टाळ्या पिटल्या. गोजराबाईचे डोळे भरून आले. तिने पदराची गाठ सोडून दोनशे वीस रुपये पुढे ठेवले.

"थांबा, गोजराबाई," सुभेदार म्हणाला. "तुमच्याच धंद्याची रीत मीही विचारतो. बांगडी चढवण्याआधी तुम्ही बाईला नवा भाव सांगितला. तिने कान दिला नाही, पण हात पुढे केला. मग पैसे कोणत्या भावाने घेता?"

खोटं बोलावं असं गोजराबाईच्या मनात आलं असेलही. पण ती कासारीण होती, भाव सांगून माल विकणारी.

"सांगितलेल्या भावानं," ती हळूच म्हणाली.

"चिठ्ठी दसऱ्याला तुमच्या घरात आली. लुगडं आणि खोगीर दिवाळीला घेतलं. त्यावर व्याज चाराने, म्हणजे दहा रुपये जास्त. पाच वेळा मध्यान्ह टळली, त्याचे साठ. शेटने कुंकू लावून फसवलं हे मला दिसतं. यापुढे व्याज वाढवायचं तर भर बाजारात दवंडी पिटूनच, नाहीतर पेढीला कुलूप लागेल. पण शिक्का फोडायला तुम्हाला कुणी मनाई केली नव्हती. सत्तर रुपये अजून द्या."

सत्तर रुपये! जत्रेत उन्हातान्हात दोन महिने उभं राहिल्यावर तेवढे सुटत. सभेतली टाळी केव्हाच थांबली होती. मागे उभे असलेले तेली, शिंपी, हलवाई आपापल्या दिवाळीच्या खरेदीची बेरीज करत होते, आणि एकेकाचा चेहरा उतरत चालला होता.

गोजराबाईने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या. लग्नापासून त्या तिच्या मनगटावर होत्या, सहजी निघेनात. हात लाल झाला तेव्हा निघाल्या. सभेला आलेल्या पेठेतल्या सोनाराने तिथेच त्यांचे सत्तर रुपये दिले. तिने ते शेटपुढे ठेवले, बिल्ला त्यावर आपटला आणि तट्टाचा लगाम धरून ती जत्रेच्या वाटेला लागली.

जन्मभर दुसऱ्यांचे हात भरणाऱ्या त्या बाईचे दोन्ही हात मोकळे होते.

तात्पर्य: झालेल्या सौद्यावर सावकार नवं व्याज चढवू लागला तर गप्प बसू नये, जाब विचारावा, पण त्याचा कागद हाती पडताच आधी वाचावा, कारण न वाचलेल्या कागदाचाही दंड भरावाच लागतो.