त्रिकाळ मलम

“पण संन्यासाची एवढी घाई कसली?” मठाच्या बुवांनी विचारलं.

“विरक्ती आली, बुवा.” पुरुषोत्तमानं मान ताठ ठेवून सांगितलं. पंचक्रोशीत त्याच्यासारखं प्रवचन कुणी करत नसे, आणि हे त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं.

“बस की खाली.”

“उभाच बरा आहे.”

बुवांनी आसन आणखी पुढे सरकवलं...

शेवटी पठ्ठ्याचा धीर सुटला. लिंगावर चामखिळी आल्या होत्या. डॉक्टरांनी मलम दिलं, वर बायकोलाही तपासायला घेऊन या म्हणाले. सुलक्षणाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा भगवी वस्त्रं सोपी!

“मलम लावलंस?”

“त्रिकाळ लावलं. संध्येबरोबर, अगदी नेमानं. पाच दिवस झाले... नुसती आग होतेय.”

बुवांनी त्याच्याकडून मलमाचं खोकं घेतलं आणि चष्मा चढवून वरची चिठ्ठी वाचली.

“अरे शहाण्या, आठवड्यातून तीनदा! रात्री, पातळसं. सकाळी धुवायचं.”

एवढा मोठा शास्त्री, पण चिठ्ठी काही वाचली नव्हती. पुरुषोत्तमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काल प्रवचनात काय सांगितलंस?”

“मी म्हणजे देह नव्हे.”

“मग लाजतंय कोण?”

आधी बुवा हसले, पोट धरधरून. मग पुरुषोत्तमालाही राहवेना. कित्येक दिवसांनी तो असा खळखळून हसला, आणि त्याला फार बरं वाटलं.

“आता मलम बंद. आजच डॉक्टरांना दाखव, ते सांगतील तसंच वाग.”

“आणि संन्यास?”

“मठाचा नेम विसरलास? बायकोचा होकार लागतो.”

“म्हणजे तिला सगळं सांगावं लागणार...”

“सकाळीच आलीय ती. स्वयंपाकघरात वांगी चिरत बसलीय.”

पुरुषोत्तमाच्या तोंडचं पाणी पळालं. “कशाला आली?”

“तू औषध लपवतोस, धड बसत नाहीस, जवळ येत नाहीस. विचारत होती, ‘बुवा, हे वाचतील ना?’”

आपल्या लाजेपायी ती इतके दिवस काय सोसत होती, हे आत्ता कुठे पुरुषोत्तमाच्या ध्यानात आलं.

बुवांनी मलम त्याच्या हातात ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं.

“जा. आनंदाची बातमी दे तिला.”