मीठराजांचा मांजरपाट

त्या मुलखात ओलं असणं हा गुन्हा होता. गादीवर मिठाचा एक भलामोठा खडा बसलेला असे, आणि मिठाला ज्याची भीती वाटते त्याची सगळ्यांनीच भीती बाळगावी असा कायदा होता. त्यामुळे तिथे कुणी रडत नसे, आणि चिंच समोर आली तरी तोंडाला पाणी सुटू देत नसे. ओला सापडलेल्याला लोखंडी चिमटे उचलून तव्यावर नेत. तव्यावरून परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मीठराजांचा अंगरक्षक होता मांजरपाट, जाडाभरडा कोरा कापडाचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ तो राजांच्या खांद्यावर असे. दुपारी राजे डुलकी काढीत तेव्हा गावात हेरगिरीला निघे. त्याची काम करायची तऱ्हा मोठी गोड. दमदाटी नाही, शिवीगाळ नाही. "काय म्हणताय, बरंय ना सगळं?" असं विचारून तो समोरच्याला कडकडून मिठी मारी. बस्स! पापणीआडचं पाणी, तळहाताचा घाम, मानेवरचा ओलावा, सगळं त्या मिठीत टिपलं जाई. एकदा गुळाची ढेप त्याला जराशी चिकटली, तर दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी. तेव्हापासून मांजरपाट गल्लीत शिरला की लोकांची पाचावर धारण बसे. आणि भीतीने घाम फुटला की संपलंच की हो!

पण टिपलेलं पाणी जायचं कुठे? त्याच्याच अंगात. साधं फडकं असतं तर दोरीवर जाऊन वाळलं असतं. राजांचा अंगरक्षक दोरीवर लटकलेला दिसला तर लोक काय म्हणतील? ओला होता, असंच म्हणतील ना! म्हणून तो स्वतःची घडी घाली. ओली बाजू आत, कोरडी बाहेर. पुन्हा ओल लागली की आणखी एक घडी. आधी तो पंच्याएवढा होता, मग रुमालाएवढा झाला, शेवटी तळहाताएवढा. राजांना वाटे, काय हा आटोपशीर गडी, काय ही नम्रता.

एके दिवशी सकाळी राजांच्या बुडाखाली पळीभर पाणी दिसलं. राजे किंचाळले. दरबाराचं धाबं दणाणलं.

"हे पाणी कुणीतरी घातलंय," राजे म्हणाले. "मांजरपाटा, सूर्य डोक्यावर यायच्या आत मला नाव पाहिजे. नाव नाही आणलंस तर मी समजेन, तूच."

घातलं कुणीच नव्हतं. हवा दमट झाली की मिठाला आपसूक पाणी सुटतं, हे शेंबडं पोरही सांगेल. दरबारात मात्र ते सांगायला कुणी तोंड उघडेना.

मांजरपाट गावात निघाला. नाव तर हवंच होतं, आणि गावात उघडउघड ओलं असं एकच कुणी उरलं होतं, त्याची बहीण गाळणी. दोघं एकाच ताक्यातून फाडलेली. ती माठाच्या तोंडावर बांधलेली असे आणि लोकांचं पाणी गाळून देई. प्यायला पाणी तर त्या राज्यातही लागतंच, म्हणून तिच्याकडे आजवर काणाडोळा झाला होता. काणाडोळा करणाराही तोच.

"ये दादा," ती म्हणाली. "आज कुणाचं नाव न्यायचंय?"

तो जड अंग ओढत माठापाशी आला.

"माझं ने. मी ओली आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण चालताना तुला केवढं जड होतंय रे! दारात दोरी आहे, ऊन आहे. घटकाभर पसरून पड, वाळशील."

"लोक बघतील."

"बघू देत की मेले!"

"वेडी आहेस का? मी वाळत घातलेला दिसलो तर राज्य टिकेल?"

"राज्याचं राहू दे. तू टिकशील का, ते सांग."

एवढ्यात कोपऱ्यावर चिमट्यांचा खडखडाट झाला. राजांनी त्याच्या मागावर चिमटे सोडले होते. आपल्या बहिणीला तव्यावर नेणार? छे! त्याने भराभर घड्या उलगडल्या, तिला मिठी मारली आणि तिच्या अंगातला थेंब न् थेंब स्वतःत ओढून घेतला.

"दादा, सोड! मरशील अशाने!" ती ओरडत होती.

चिमटे आले तेव्हा तो पुन्हा घडी होऊन उभा होता. त्यांनी गाळणीला उचलून झटकलं, पिळून पाहिलं. खडखडीत कोरडी! चिमटे हिरमुसले होऊन मागे फिरले.

मांजरपाट दरबारात पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

"नाव?" राजांनी विचारलं.

"नाव नाही, महाराज. सगळं गाव कोरडं आहे."

राजांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग दरबाऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. बुडाखालचं पाणी पसरतच होतं.

"म्हणजे तूच," राजे हळूच म्हणाले. "पण तुला तव्यावर पाठवलं तर माझ्याजवळ राहील कोण? हे सगळे तर टपलेलेच आहेत. मागे व्हा रे सगळे! मांजरपाटा, सगळ्या घड्या उलगड आणि मला गुंडाळ. नखाएवढाही भाग उघडा राहता कामा नये."

"महाराज, मी..." मांजरपाटाने तोंड उघडलं. चिमटे एक पाऊल पुढे सरकले. त्याने तोंड मिटलं. तो पुरता उलगडला आणि त्याने राजांना गच्च गुंडाळलं.

राजांकडे मान वर करून बघायची दरबारात मुभा नव्हती. सगळ्यांना नुसती टपटप ऐकू आली. मग गादीच्या पायऱ्यांवरून ओघळ आला. दरबाऱ्यांनी आपापले पाय जरा उचलले, ओघळ जाऊ दिला आणि पुन्हा टेकवले.

तीन दिवस कडक ऊन पडलं. चौथ्या दिवशी गाळणी भावाला शोधत दरबारात आली. तिला कुणी अडवलं नाही, कारण गादीकडे जायची हिंमतच दुसऱ्या कुणात नव्हती. गादीवर कापड ताठ बसलं होतं. तेच राजांचे खांदे, तोच पोटाचा घेर, आणि अंगभर पांढरं मीठ फुटलेलं. तिने आत हात घालून पाहिला. आत पोकळ होतं.

"दादा! वाळलास की रे!" ती हरखून म्हणाली. "चल, घरी चल आता." आणि चार दिवस आवरून धरलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून घळकन त्याच्या खांद्यावर पडलं.

कापड कडकडलं. सगळा दरबार कमरेत वाकला.

"कुणीतरी माझ्या अंगावर पाणी टाकलंय," गादीवरून आवाज आला.

चिमटे पुढे झाले. "कुणी, महाराज?"

गाळणीला वाटलं, दादा चेष्टा करतोय. ती डोळे पुसत हसली. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि नाव सांगितलं.