घंटेमागे

माळावर कुंपणं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मेंढ्यांच्या एका कळपापुढे गळ्यात घंटा बांधलेला बोकड चालायचा. भुरी नावाची मेंढी मागून चालता चालता विचारायची, "आपण बोकडाच्या मागे जातो की घंटेच्या? आणि मुळात जातो कशाला?"

"अगं भुरे, असल्या प्रश्नांनी पोट भरतं का?" थोरली ढवळी फणकारायची. "बोकड चांगला आहे, चारा मिळतोय. आणखी काय हवं?"

या अडाण्यांना सांगून काय उपयोग, असं भुरीला वाटायचं. मग तीही आपल्या विचारात गढून सगळ्यांबरोबर चालत राहायची.

एके दिवशी लांडग्यानं बोकड मारला आणि घंटेचा पट्टा आपल्याच गळ्यात अडकवला. पहाटेच्या धुक्यात घंटा वाजली. कळप उठून निघाला.

भुरीच्या नाकात लांडग्याचा वास शिरला. "थांबा," ती ओरडली, "हा आपला बोकड नाही."

"तुझं तत्त्वज्ञान पुरे झालं," ढवळी वळूनही न बघता म्हणाली. "घंटा वाजतेय ना?"

भुरीनं थांबायचं ठरवलं. पण जन्मभर तिनं प्रश्न विचारले होते, ते घंटेमागे चालता चालताच. तिच्या पायांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. ते निघाले.