पेट्रोल नको, धूर नको

वाहन अभियांत्रिकीचं एम.टेक. म्हणजे काय, ते मला सातवी नापास शिपायाला विचारू नका. एवढं कळतं, की विभागप्रमुख टिल्लू सरांच्या सहीशिवाय तिथे ब्रह्मदेवही पास होत नाही.

कल्याणी ढमढेरेच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर सरांना जोर चढला. "इंजिन कसलं सुधारतेस? पेट्रोल नको, वीज नको, धूर नको, अशी गाडी दाखव. तरच सही!"

"खाली उभी आहे, सर. बसा चला."

खाली सरांचीच खटारा गाडी होती. सर आणि परीक्षक आत बसले. कल्याणीने वर्गाला हाक मारली, पोरांनी मागून खांदे लावले आणि गाडी अख्ख्या आवाराला वळसा घालून आली.

"अगं, हे तर ढकलणं झालं!" सर कडाडले.

"दोन वर्षं रोज आम्ही तुम्हाला असंच घरी पोचवतोय, सर. तेव्हा कधी ढकलणं म्हणाला नाहीत!"

परीक्षकांनी हसू दाबत विचारलं, "मायलेज किती देते?"

"एका मिसळीत किती पळते, ते मोजायचं राहिलंय, साहेब. सरांनी आजवर टाकी भरलीच नाही!" आणि सगळ्या पोरांनी पोटावर हात ठेवले.

सही झाली, मिसळही आली. खाल्ली पोरांनी, ठसका लागला सरांना.